बिअर रेसिपीचं सॉफ्टवेअर हँग होतंय? आधी डेटाची प्रत, मग दुरुस्ती

घरी बिअर बनवणारे हल्ली रेसिपी वहीत कमी आणि सॉफ्टवेअरमध्ये जास्त ठेवतात. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) कधी टाकायचे, मॅशचं (म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवण्याचं) पाणी किती तापवायचं, बाटल्या भरताना साखर किती, सगळं एका स्क्रीनवर मिळतं. मग एखाद्या दिवशी तीच स्क्रीन पांढरट पडते, माउसचं चक्र फिरत राहतं आणि कुठलंच बटण दाबलं जात नाही. नवीन माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकण्याचा. तो विचार शेवटासाठी राखून ठेवा. तुमच्या रेसिपी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसतात, वेगळ्या जागी असतात. त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल केल्यावर बहुतेक वेळा तोच बिघडलेला डेटा उघडतो आणि गाडी तिथेच अडते. घाईत डेटाही पुसला गेला, तर वर्षभराच्या नोंदी गेल्या.

पुढे जाण्याआधी कायद्याबद्दल थोडं. अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्राची परवानगी देणाऱ्या कायद्यावर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये त्यात आली. ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही घरी बिअर बनवलेली चालते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरच्या घरीसुद्धा नाही. त्यामुळे हा लेख मुख्यतः परदेशात राहून हा छंद सुरू केलेल्या मराठी मंडळींसाठी आहे.

कुठल्या जातीचं सॉफ्टवेअर आहे ते ओळखा

ब्रूटार्गेट हा फुकट, मुक्त-स्रोत प्रोग्रॅम आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि सगळ्या रेसिपी एसक्यूलाइट प्रकारच्या (सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवण्याची एक पद्धत) एकाच डेटाबेस फाइलमध्ये ठेवतो. बिअरस्मिथ विकत घ्यावा लागतो. तो वेगवेगळ्या यादींसाठी वेगवेगळ्या फाइल्स ठेवतो आणि त्यांच्या नावाच्या शेवटी ‘बीएसएमएक्स’ असतं. ब्रूफादर ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतो, त्याचा डेटा मुख्यतः क्लाउडवर असतो. खालचं बरंचसं पहिल्या दोघांना, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर डेटा ठेवणाऱ्यांना लागू आहे. ब्राउझरवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

मॅश चालू असतानाच हँग झालं तर

हे आधी सांगतो, कारण चुलीवर पातेलं असताना कुणाला लॉग फाइल वाचायची नसते. कॉम्प्युटर बाजूला सारा आणि कागद घ्या. स्क्रीन गोठलेली असली तरी त्यावरचे आकडे अजून दिसत असतील, तर फोनने आधी फोटो काढा. प्रोग्रॅम बंद केल्यावर ते दिसणार नाहीत.

समजा २० लिटरची साधी पेल एल आहे: ५ किलो पेल मॉल्ट, मॅशसाठी १५ लिटर पाणी, मॅश ६७ अंशांवर, आणि धान्य खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांवर. पाणी किती तापवायचं? लिटरला किलोने भागा: १५ भागिले ५, म्हणजे ३. आता ०.४१ भागिले ३, गुणिले ६७ आणि २० मधला फरक (४७), म्हणजे साधारण ६.४. हे ६७ मध्ये मिळवा. पाणी ७३.४ अंशांवर हवं. भांडं थंडगार असेल तर एखाद अंश वर चालेल.

एक किलो धान्य साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. म्हणजे १५ लिटरमधून सुमारे १० लिटर वॉर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) हाती येईल. उकळीआधी २४ लिटर हवं असेल, तर धान्य धुण्यासाठी १४ लिटर गरम पाणी लागेल.

वॉर्टचा दाटपणा असा काढा. पेल मॉल्टचा एक किलो जास्तीत जास्त सुमारे ३०० लिटर-अंश (लिटर गुणिले दाटपणाचे अंश) देतो. ५ किलोचे १५००. तुमच्या सेटअपची कार्यक्षमता, म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष हाती किती येतं, ७२ टक्के धरली तर १०८०. उकळीआधीच्या २४ लिटरला भागा: ४५, म्हणजे हायड्रोमीटरवर (दाटपणा मोजायच्या नळीवर) १.०४५ दिसायला हवं. उकळून २० लिटर उरलं की ५४, म्हणजे १.०५४. पहिला आकडा जुळला तर बाकी दिवस बिनघोर जातो.

कडूपणासाठी, या दाटपणाच्या वॉर्टमध्ये ६० मिनिटं उकळलेल्या हॉप्सचा उतारा (त्यांच्यातला किती कडूपणा बिअरमध्ये उतरतो तो वाटा) टिनसेथच्या सूत्राने साधारण ०.२२ येतो. ६ टक्के अल्फा आम्ल (कडूपणा देणारा घटक) असलेले ३० ग्रॅम हॉप्स म्हणजे १८०० मिलिग्रॅम आम्ल; २० लिटरला भागले की ९०; गुणिले ०.२२ म्हणजे सुमारे २० आयबीयू (कडूपणाचं एकक). एवढं पुरेसं आहे. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायचे हॉप्स रेसिपीत आठवतील तसे टाका, त्यांचा कडूपणात वाटा थोडाच असतो.

आता बिअर आंबायला ठेवा आणि सॉफ्टवेअरकडे निवांतपणे वळा.

पायरी १: लगेच ‘एंड टास्क’ करू नका

एखादा प्रोग्रॅम सलग ५ सेकंद माउस-कीबोर्डच्या संदेशांना उत्तर देत नसला की विंडोज त्याच्या नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. याचा अर्थ प्रोग्रॅम मेला असा नाही. तो कामात असू शकतो, कशाची तरी वाट बघत असू शकतो किंवा खरोखर फसलेला असू शकतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्या प्रोग्रॅमच्या ओळीतले सीपीयू आणि डिस्कचे आकडे दोन-तीन मिनिटं पाहा.

डिस्कचा आकडा हलतोय, तर काहीतरी वाचणं-लिहिणं चालू आहे. मोठी आयात किंवा नव्या आवृत्तीनंतरचं पहिलंच उघडणं असेल तर थांबा. या क्षणी प्रोग्रॅम मारला तर डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहू शकतो.

डिस्क शांत आहे, पण सीपीयूचा आकडा एका जागी खिळलाय, तर प्रोग्रॅम एकाच हिशोबात गोल गोल फिरतोय. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. असे प्रोग्रॅम बहुधा एकच कोअर वापरून फसतात, त्यामुळे आकडा १०० टक्के दिसत नाही. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या मशीनवर तो १२-१३ टक्के दिसतो, चार असतील तर २५. ‘फक्त १२ टक्केच तर घेतोय’ असं म्हणून लोक फसतात.

दोन्ही आकडे शून्याला टेकलेत, तर तो वाट बघतोय. कशाची? सगळ्यात आधी लपलेली सूचना-खिडकी शोधा. ‘सेव्ह करायचं का?’ विचारणारी छोटी खिडकी मुख्य खिडकीच्या मागे गेलेली असते, किंवा लॅपटॉपला पूर्वी जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागी उघडलेली असते, आणि तो मॉनिटर आता जोडलेला नसतो. तिचं उत्तर मिळेपर्यंत मागची खिडकी काहीच ऐकत नाही. ऑल्ट-टॅब दाबून पाहा. मग विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबून खिडकी या पडद्यावर ओढा. नाहीच सापडली तर एकदा एस्केप दाबा. कितीतरी वेळा एवढ्यावरच काम होतं.

तरीही तसंच असेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ भागात प्रोग्रॅमच्या नावावर राइट-क्लिक करून ‘अ‍ॅनलाइज वेट चेन’ निवडा. तो दुसऱ्या कुठल्या प्रोसेससाठी खोळंबला असेल, तर तिचं नाव बऱ्याचदा तिथे दिसतं. विंडोजमधली ही सोय फार थोड्यांना माहीत असते, आणि अंदाज लढवण्यापेक्षा ती शंभरपट बरी.

मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. तिथे अडकलेला प्रोग्रॅम लाल अक्षरांत दिसतो. लिनक्सवर प्रोग्रॅम मेनूतून न उघडता टर्मिनलमधून उघडा. जिथे अडकतो त्याच्या आधीचे शेवटचे संदेश तिथे दिसत राहतात.

दहा-पंधरा मिनिटं थांबूनही काही हललं नाही, तर मात्र बंद करा.

पायरी २: डेटाच्या फोल्डरची प्रत

प्रोग्रॅम बंद झाल्यावर, पुन्हा उघडण्याआधी हे करा. विंडोजवर बिअरस्मिथ ३ चं फोल्डर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये त्याच्याच नावाने असतं. ब्रूटार्गेटचं विंडोजवर तुमच्या यूझर फोल्डरच्या आतल्या ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या भागात सापडतं, आणि लिनक्सवर होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये. लपवलेली फोल्डर्स दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘हिडन आयटम्स’ला टिक करा. तरीही सापडलं नाही, तर प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समध्ये डेटा कुठे ठेवला जातो ते पाहायला मिळतं.

प्रत पूर्ण फोल्डरची घ्या, एखाद्या फाइलची नको. कारण सांगतो. एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये काही लिहिलं जात असताना शेजारी त्याच नावाची आणि शेवटी ‘जर्नल’ लिहिलेली एक तात्पुरती फाइल तयार होते. बदलाआधीची पानं तिच्यात असतात. लिहिणं मध्येच तुटलं, तर ती फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना तिच्याच मदतीने अर्धवट बदल उलटा फिरवला जातो. कुणी ‘ही कसली फालतू फाइल’ म्हणून ती पुसली, किंवा तिला मागे सोडून फक्त मुख्य फाइल उचलली, तर जो डेटाबेस आपोआप बरा होणार होता तो कायमचा बिघडू शकतो. म्हणून जर्नलला हात लावू नका. दोन्ही फाइल्स जोडीने राहू द्या.

प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख घाला, आणि तिच्यावर कुठलाही प्रयोग करू नका. प्रयोगांसाठी तिचीच आणखी एक प्रत काढा.

पायरी ३: रिकाम्या फोल्डरची कसोटी

माझ्या मते सगळ्या निदानात सर्वांत मोलाची पायरी हीच. प्रोग्रॅम बंद ठेवून डेटाच्या मूळ फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘जुना’ वगैरे काही जोडा. मग प्रोग्रॅम उघडा. त्याला आपलं फोल्डर सापडत नाही, म्हणून डेस्कटॉपवरचे बहुतेक प्रोग्रॅम नवं, कोरं फोल्डर तयार करतात, त्यात फक्त मूळ मॉल्ट-हॉप्स-यीस्टच्या यादी असतात. विकत घेतलेला प्रोग्रॅम अशा वेळी अ‍ॅक्टिव्हेशन की पुन्हा मागू शकतो, ती हाताशी असू द्या.

कोऱ्या फोल्डरवर सगळं सुरळीत चाललं, तर दोष तुमच्या डेटात किंवा त्या जुन्या फोल्डरच्या जागेत आहे. पायरी ५ आणि ६ पाहा. कोऱ्यावरही हँग होत असेल, तर डेटा निर्दोष आहे आणि पायरी ४ तुमच्यासाठी आहे. कसोटी झाली की नवं फोल्डर बाजूला काढून जुन्याचं नाव पूर्ववत करा.

पायरी ४: आजूबाजूच्या गोष्टी

*प्रिंटर.* ऐकायला विचित्र वाटेल, पण ब्रू डेची (बिअर बनवण्याच्या दिवसाची) यादी छापताना, काही वेळा तर नुसतं प्रिंटची खिडकी उघडताना अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. ऑफिसचा किंवा जुन्या घरातला नेटवर्क प्रिंटर अजून डीफॉल्ट असतो, प्रोग्रॅम त्याची विचारपूस करायला जातो आणि उत्तराची वाट बघत बसतो. वेट चेनमध्ये ‘एसपीएलवाव६४’ (splwow64) हे नाव दिसलं तर प्रिंटरकडेच वळा, कारण ती प्रोसेस छपाईसाठीच असते. विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ हा पर्याय बंद करा आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ डीफॉल्ट करा. मग पुन्हा उघडून पाहा.

*अँटीव्हायरस आणि रॅन्समवेअर-संरक्षण.* विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिलं जात नाही. प्रोग्रॅम उघडतो, रेसिपी दिसतात, पण सेव्ह करताना अडतो किंवा बदल गुपचूप हरवतात. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये त्याची नोंद असते. तुमच्या प्रोग्रॅमला तिथून परवानगी द्या. अख्खं संरक्षण बंद करू नका.

*एकाच वेळी दोन प्रती.* मघाशी ‘बंद’ केलेला प्रोग्रॅम मागे चालूच असेल आणि तुम्ही दुसरा उघडला, तर एसक्यूलाइटमध्ये लिहिण्याचा हक्क एका वेळी एकालाच असतो, दुसरा ताटकळतो. टास्क मॅनेजरमध्ये नाव दोनदा दिसतंय का ते पाहा. शंका असेल तर कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा.

*ग्राफिक्स ड्रायव्हर.* खिडकीचा आकार बदलताना किंवा रंगाचा नमुना दाखवताना अडकत असेल तर ड्रायव्हर अपडेट करून पाहा. यापलीकडे त्यात शिरण्यात अर्थ नाही.

पायरी ५: डेटा ठेवलाय कुठे?

वनड्राइव्ह, आयक्लाउड, ड्रॉपबॉक्स यांनी सोय केली हे खरं, पण रेसिपी सॉफ्टवेअरच्या बाबतीत डोकेदुखीही वाढवली. विंडोजचं सेटअप करताना एका ‘हो’वर डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलवलं जातं. त्यानंतर जागा वाचवण्यासाठी काही फाइल्स फक्त क्लाउडवर राहतात, कॉम्प्युटरवर त्यांचं नाव आणि आयकॉन तेवढा उरतो. प्रोग्रॅम ती फाइल मागतो, ती उतरवून घेईपर्यंत थांबतो, आणि नेट मंद असेल तर तुम्हाला तो हँग झाल्यासारखा दिसतो. फाइलशेजारी ढगाचं चिन्ह दिसलं तर हेच कारण समजा. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. मॅकवर आयक्लाउडच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ बंद करून पाहा.

डेटाबेस-फाइल असेल तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, चालू डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. प्रोग्रॅम लिहीत असताना सिंक करणारा मध्येच ती फाइल उचलतो. जर्नल एका वेळची आणि मुख्य फाइल दुसऱ्या वेळची, अशी जोडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचते. नेटवर्क ड्राइव्हचंही तसंच, तिथे फाइल-लॉक भरवशाचे नसतात. डेटाबेस स्थानिक डिस्कवर ठेवा, आणि प्रोग्रॅम बंद असताना घेतलेली बॅकअप प्रत खुशाल क्लाउडवर टाका. ब्रूटार्गेटमध्ये डेटाबेसचा बॅकअप घेण्याची आणि तो परत आणण्याची सोय फाइल मेनूतच आहे.

पायरी ६: बिघडलेली रेसिपी, बिघडलेली आयात

कुणाकडून तरी मिळालेली बिअर-एक्सएमएल फाइल आयात केल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. बिअर-एक्सएमएल ही रेसिपींची देवाणघेवाण करायची साधी मजकुराची फाइल असते, घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्याच ओळीत अक्षरांची पद्धत लिहिलेली असते, बऱ्याचदा ‘आयएसओ-८८५९-१’. आता रेसिपी क्योल्श या जर्मन बिअरची असेल, नावात डोक्यावर दोन टिंबं असलेला जर्मन ‘ओ’ असेल, आणि फाइल प्रत्यक्षात सेव्ह झालेली असेल दुसऱ्याच पद्धतीत. तर नाव तरी विचित्र दिसतं, नाहीतर वाचणारा तिथेच अडखळतो. काही प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतात, काही नुसतेच लटकतात. त्या जागी साधा ‘ओ’ लिहून पाहा. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे नावातलं ‘&’ हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे, ते तसंच उघडं लिहिता येत नाही. दुकानाच्या किंवा रेसिपीच्या नावात ते दिसलं, तर काढून पूर्ण शब्द लिहा.

तिसरी गोष्ट जर्मनीत, फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसाठी. तिथे दशांशाला टिंब नसतो, स्वल्पविराम असतो. बिअर-एक्सएमएलला मात्र टिंबच लागतो. शिवाय त्यात हॉप्सचं वजनसुद्धा किलोतच लिहायचं असतं. म्हणजे ३० ग्रॅम हॉप्स तिथे ०.०३० दिसायला हवेत. तिथे नुसतं ३० दिसलं, तर २० लिटरच्या बॅचमध्ये ३० किलो हॉप्स! असल्या आकड्यांवर कडूपणाचा हिशोब कुठल्या कुठे जातो. बॅचचं आकारमान किंवा कार्यक्षमता ० असेल तरी तेच, शून्याने भागाकार होतो आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

एका फाइलमध्ये शेकडो रेसिपी असतील तर नजरेने दोष सापडणार नाही. फाइलची प्रत काढा, निम्म्या रेसिपी उडवा (प्रत्येक रेसिपीची सुरुवातीची आणि शेवटची खूण जोडीने राहील असं बघा) आणि कोऱ्या फोल्डरवर आयात करा. चाललं, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. दोनशेपन्नास रेसिपी असल्या तरी आठ फेऱ्यांत दोषी रेसिपी एकटी उरते.

आयात न करताही त्रास असेल, तर डेटाबेसच तपासा. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात प्रतीची प्रत उघडा आणि ‘टूल्स’ मेनूतून ‘इंटिग्रिटी चेक’ चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तर फाइलची बांधणी शाबूत आहे. चुकांची यादी आली, तर आधी जुना बॅकअप आहे का ते पाहा. तो परत आणणं सगळ्यात सोपं. बॅकअप नसेल तर त्याच प्रोग्रॅममधून डेटाबेस एसक्यूएल मजकूर म्हणून निर्यात करा आणि त्यातून नवा डेटाबेस तयार करा. तुटलेली पानं सोडून बरंचसं वाचतं. बिअरस्मिथवाल्यांनी संशयित ‘बीएसएमएक्स’ फाइल एकेक करून बाजूला काढून पाहावी: आधी रेसिपींची, मग घटकांच्या यादींची.

ब्राउझरमध्ये चालणारं असेल तर

आधी तेच खातं दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा फोनवर उघडा. तिथे चाललं तर तुमच्या ब्राउझरमध्ये काहीतरी आहे. प्रायव्हेट खिडकीत उघडून पाहिलं की एक्स्टेन्शनचा दोष लगेच कळतो, कारण तिथे ती सहसा बंद असतात. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आधी तपासा. कॅशे पुसणं ठीक, पण ‘साइटचा सगळा डेटा पुसा’ हे बटण जपून वापरा. नेट नसताना तुम्ही केलेले बदल अजून क्लाउडवर गेलेले नसतील, तर ते ब्राउझरच्या साठ्यातच असतात आणि पुसले की गेले. आधी नेट जोडा, दुसऱ्या उपकरणावर ते बदल दिसतात का ते पाहा, मगच पुसा.

पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ

कोऱ्या फोल्डरवरही अडकतंय आणि पायरी ४ मधलं सगळं करून झालंय, तर आता प्रोग्रॅम पुन्हा टाका. एक काळजी घ्या: नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना जुन्या डेटाबेसची रचना बदलते, आणि बदललेला डेटाबेस मग जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. परत फिरायचं झालं तर पायरी २ मधली प्रतच कामी येते.

सगळं सुरू झाल्यावर आकडे तपासा

प्रोग्रॅम उघडला म्हणजे काम झालं, असं मानू नका. सेटिंग नव्याने तयार झाली असेल तर लिटरचे गॅलन, ग्रॅमचे औंस आणि तुमची ७२ टक्के कार्यक्षमता मूळच्या आकड्यावर गेलेली असू शकते. एक जुनी, बनवून झालेली रेसिपी उघडा आणि वहीतल्या नोंदींशी पडताळा. मद्यांशाचा हिशोब हाताने करून बघा: १.०५४ वरून १.०१२ वर आलेल्या बिअरचा फरक ०.०४२, गुणिले १३१.२५, म्हणजे साधारण ५.५ टक्के.

बाटल्या भरताना घालायच्या साखरेचा आकडा सर्वांत काळजीने पाहा. बाकी चुकांनी बिअर बिघडते, या चुकीने काच फुटते. २० अंशांवर आंबून पूर्ण शांत झालेल्या एलसाठी लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास साधी साखर पुरते, म्हणजे १९ लिटरला साधारण ११५ ते १२० ग्रॅम. सॉफ्टवेअर याच्या दुप्पट सांगत असेल तर बॅचचं आकारमान किंवा एकक बदललंय. ते सापडेपर्यंत बाटल्या भरू नका.

तरीही सुटलं नाही तर

बनवणाऱ्यांना कळवा, आणि नीट कळवा. ‘सॉफ्टवेअर हँग होतं’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. प्रोग्रॅमची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, कोऱ्या फोल्डरवर काय झालं, सीपीयू खिळलेला होता की शून्यावर होता, वेट चेनमध्ये काय दिसलं, आणि कुठल्या क्रमाने क्लिक केल्यावर दरवेळी अडकतं, हे लिहा. दोषी रेसिपी वेगळी काढली असेल तर तीच जोडा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ नोंदींत हँगची नोंद १००२ क्रमांकाने असते, तिचा मजकूरही द्या. ब्रूटार्गेटचा कोड गिटहबवर आहे आणि तक्रारी तिथेच नोंदवता येतात. नवी नोंद टाकण्याआधी तोच त्रास आणखी कुणी लिहिलाय का ते शोधा, आणि सापडला तर त्याच नोंदीखाली तुमची माहिती घाला.